ओस्लो ते बर्गेन, फ्लॉममार्गे : रेल्वेप्रवास कोणत्या क्रमाने आखायचा

मे महिना जवळ आला की ओस्लोत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये फोन वाजू लागतात. विमान ठरलेलं असतं, हॉटेलं ठरलेली असतात, ओस्लो-बर्गेन रेल्वेचं तिकीटही काढून झालेलं असतं. मग प्रश्न येतो, "यात फ्लॉम कुठे बसवायचं?" बहुतेक वेळा ते बसत नाही. डोंगरावरून फ्लॉम गावाला उतरणारी गाडी भरलेली असते, तिथल्या बोटीची वेळ जुळत नाही आणि परत न मिळणाऱ्या तिकिटाचे पैसे बुडतात.

यातली बहुतेक गडबड क्रमाची असते. लोक दोन टोकं आधी पक्की करतात, म्हणजे ओस्लो आणि बर्गेन. अडचण असते ती मधल्या जोडांवर, म्हणजे जिथे वाहन बदलायचं त्या मिर्दाल आणि गुदवांगेनला. मधलं आधी ठरवलं की टोकं आपोआप जुळतात. पुढचे टप्पे म्हणूनच या क्रमाने दिले आहेत. कृपया याच क्रमाने जा.

## आधी नकाशा डोक्यात बसवा

फ्लॉम मुख्य रेल्वेमार्गावर नाही, इथेच पहिला घोटाळा होतो. ओस्लोहून बर्गेनला जाणारी गाडी डोंगरमाथ्यावरच्या मिर्दाल स्टेशनवर थांबते आणि पुढे निघून जाते. फ्लॉम तिथून खाली दरीत, फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत आतवर शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या, काठावर आहे. त्यासाठी वेगळी गाडी धरावी लागते. पूर्ण प्रवासाचे पाच तुकडे होतात:

- ओस्लो ते मिर्दाल, मुख्य रेल्वे : साधारण पावणेपाच ते पाच तास
- मिर्दाल ते फ्लॉम, घाटातली रेल्वे : २० किलोमीटर, सुमारे एक तास
- फ्लॉम ते गुदवांगेन, नॅरॉयफियॉर्डमधून बोट : सुमारे दोन तास
- गुदवांगेन ते व्हॉस, बस : सुमारे एक तास
- व्हॉस ते बर्गेन, परत मुख्य रेल्वे : सव्वा तासाच्या आसपास

मिर्दालला मोटाररस्ता पोचत नाही. त्यामुळे गाडी चुकली तर टॅक्सीने पुढे जाऊ, हा विचार तिथे चालत नाही. सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती करायचं आहे.

ओस्लो-बर्गेनचं सरळ तिकीट काढलंत तरी डोंगर, पठार, बर्फ सगळं दिसतं. साडेसहा-सात तासांचा तो प्रवास स्वतःहूनच पुरेसा सुंदर आहे. पण त्यात घाट उतरणं नाही आणि नॅरॉयफियॉर्डही नाही. दोन्ही हवं असेल तर तुकडे करूनच जावं लागतं.

## टप्पा १ : महिना ठरवा, तोही उजेड पाहून

नॉर्वेत हवामानाच्या आधी उजेडाचा विचार करायचा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ओस्लोत सूर्य रात्री साडेदहाच्या पुढे मावळतो. डिसेंबरात बर्गेनला दुपारी साडेतीनच्या सुमारास अंधार पडतो. खिडकीबाहेर काळोख असेल तर जगातल्या कुठल्याही देखण्या गाडीत बसून उपयोग नाही.

आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्या धरून सांगायचं तर मेचा दुसरा पंधरवडा आणि जूनचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. वरचं बर्फ वितळत असल्यामुळे धबधबे भरून वाहतात. इथल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात बंद होतात, त्यामुळे गर्दीही अजून वाढलेली नसते. मेच्या सुरुवातीला पठारावरच्या फिन्से स्टेशनजवळची तळी गोठलेलीच असतात. हिरवे डोंगर मनात धरून आलेल्यांची इथे निराशा होते, बर्फाच्या ओढीने आलेले खूश होतात. हिरवळ हवी असेल तर जूनच्या मध्यानंतर या.

सप्टेंबर मला मनापासून आवडतो. पठारावरची झुडपं तांबडी-पिवळी होतात आणि तिकिटंही सहज मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना मात्र मी थांबवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवस लहान, किनाऱ्याकडे पावसाची रिपरिप आणि बोटींच्या फेऱ्या कमी. खऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, पांढऱ्याशुभ्र पठाराचा थाट वेगळाच असतो. मात्र वादळाने डोंगरावरचा मार्ग बंद पडू शकतो. तेव्हा हातात एक दिवस जादा ठेवूनच या.

सावधान : ईस्टरच्या आठवड्यात अख्खं नॉर्वे स्कीइंगसाठी डोंगरात जातं. त्या दिवसांत यायलो आणि फिन्सेकडे जाणाऱ्या गाड्या खच्चून भरतात. तारखा ठरवण्याआधी त्या वर्षीचा ईस्टर कधी आहे ते पाहा.

## टप्पा २ : दिशा आणि मुक्काम

पाचही तुकडे एका दिवसात होतात. पहाटे ओस्लो सोडायचं आणि रात्री बर्गेनला पोचायचं. पॅकेजवाले हे हमखास विकतात आणि तरुण, सडेफटिंग माणसाला ते जमतंही. पण आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर करू नका. चौदा-पंधरा तासांच्या धावपळीत चार वेळा वाहन बदलायचं आणि एक जोड तुटला की पुढचे सगळे कोसळतात. बोटीत बसेपर्यंत माणसं इतकी दमतात की फियॉर्डच्या ऐन अरुंद भागात आत खुर्चीवर डुलक्या घेत असतात. ते पाहून खरंच वाईट वाटतं.

माझी शिफारस एकच आहे. ओस्लोहून निघा, फ्लॉमला रात्र काढा आणि दुसऱ्या दिवशी बोटीने पुढे जा. दुपारनंतर दिवसभरासाठी आलेली मंडळी निघून जातात आणि गाव रिकामं होतं. उन्हाळ्यात त्यानंतरही कितीतरी तास उजेड असतो. फ्लॉममध्ये खोली मिळाली नाही किंवा परवडली नाही तर शेजारच्या ऑरलँडला पाहा. बसने थोड्याच मिनिटांत पोचता. तिथेही जमलं नाही तर व्हॉस. पण व्हॉसला राहिलात तर पहिल्याच दिवशी बोट आणि बस करावी लागेल, तेव्हा ओस्लोहून पहिल्या गाडीने निघा.

बर्गेनहून उलट येणारेही पुष्कळ असतात. त्यात चूक काहीच नाही. फक्त एक लक्षात ठेवा: फ्लॉमला मोठमोठ्या क्रूझ बोटी लागतात आणि त्यांतले प्रवासी सकाळी फ्लॉमहून वर मिर्दालकडे जाणाऱ्या गाड्या भरून टाकतात. कोणत्या दिवशी कोणती क्रूझ येणार याची यादी फ्लॉम बंदराच्या संकेतस्थळावर असते. उलट दिशेने येणार असाल तर ती आधी पाहा आणि शक्य झालं तर तो दिवस टाळा.

तपासा : फ्लॉमला मुक्काम करणार त्या रात्रीची खोली रद्द करता येण्याजोग्या दरात आत्ताच धरून ठेवा. गाव अगदी छोटं आहे, खोल्या मोजक्या. ओस्लो-बर्गेनच्या हॉटेलांची घाई नाही.

## टप्पा ३ : वेळापत्रक मधून बाहेर बांधा

आता कागद घ्या. देशातल्या सगळ्या गाड्या, बसेस आणि बोटी एकत्र दाखवणारं एन्टूर हे ॲप आहे. ते फोनवर उतरवून ठेवा. त्यात क्रमाने असं पाहा.

पहिल्यांदा दुसऱ्या दिवसाची फ्लॉम-गुदवांगेन बोट निवडा. सकाळची पहिली किंवा दुसरी घ्या, म्हणजे पुढे काही बिनसलं तरी हातात दिवस उरतो.

मग त्या बोटीला जोडून गुदवांगेनहून व्हॉसची बस आहे का ते पाहा. इथे गोंधळ होतो. काही बसेस बोटीची वाट पाहून सुटतात आणि त्यांचं आरक्षण बोटीबरोबरच करावं लागतं. काही साध्या सार्वजनिक बसेस असतात, त्या बोटीसाठी थांबत नाहीत. तुमची कोणती, हे तिकीट काढतानाच समजून घ्या. गुदवांगेन म्हणजे चार घरं, एक धक्का आणि पर्यटकांसाठीची थोडी दुकानं. तिथे दोन तास अडकून पडण्यात मजा नाही.

यानंतर पहिल्या दिवसाकडे वळा. मिर्दालहून फ्लॉमला उतरणारी गाडी निवडा. उन्हाळ्यात दिवसभरात अशा बऱ्याच गाड्या असतात, हिवाळ्यात मोजक्याच. सगळ्यांत शेवटी ओस्लोची गाडी निवडा, जी या गाडीच्या पुरेशी आधी मिर्दालला पोचेल.

"पुरेशी" म्हणजे किती? एकाच तिकिटावर दोन्ही गाड्या असतील तर वेळापत्रकात दिलेलं अंतर चालतं, मग ते १५-२० मिनिटांचं का असेना. तिकिटं वेगवेगळी असतील तर निदान पाऊण तास ठेवा. उन्हाळ्यात तास-दीड तास ठेवायलाही हरकत नाही. मिर्दालला एक छोटं कॅफे आहे आणि बाहेर हवा स्वच्छ.

सावधान : फ्लॉमहून व्हॉसला थेट बसही जाते आणि ॲप कधीकधी तीच आधी दाखवतं, कारण ती झटपट पोचते. ती बस ११ किलोमीटरहून लांब बोगद्यातून गुदवांगेनकडे जाते. फियॉर्ड दिसतच नाही. मार्ग निवडताना मध्ये बोटीचं चिन्ह आहे ना, ते डोळ्यांनी पाहून घ्या.

## टप्पा ४ : व्हिसा

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. म्हणजे शेंगेन व्हिसा लागतो आणि चलन मात्र युरो नसून क्रोन. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो. ही १५ दिवसांची मर्यादा कागदावरची समजा. मे-जूनच्या हंगामात दोन-अडीच महिने आधी अर्ज आत गेलेला बरा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, त्याहून लहान मुलांना माफ. व्हिसा अर्जकेंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासविम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं.

डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे असा एकत्र दौरा असेल तर जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. तिकीट स्वस्त म्हणून कोपनहेगनला उतरायचं आणि सगळ्या रात्री नॉर्वेत काढायच्या असतील, तर अर्ज नॉर्वेकडेच.

अर्जाबरोबर दिवसवार आराखडा द्यावा लागतो. टप्पा ३ मधला कागद इथे कामाला येतो. तोच नीट लिहून काढा.

## टप्पा ५ : तिकिटं

ओस्लो-बर्गेन मार्गावरच्या गाड्या व्यू ही कंपनी चालवते. तिच्या ॲपवर ओस्लो ते फ्लॉम असं एकच तिकीट मिळतं, त्यात मिर्दालची गाडीबदल धरलेली असते. हेच घ्या. दोन तुकडे वेगळे काढून चार पैसे वाचतीलही, पण पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली तर जबाबदारी तुमच्यावर येते.

लांब पल्ल्याच्या गाड्यांची विक्री साधारण तीन महिने आधी उघडते, कधी उशिराही. तुमच्या तारखेला गाडीच दिसत नाही म्हणून घाबरू नका, विक्री उघडायची असते इतकंच. डिसेंबरच्या मध्यावर नवं वेळापत्रक लागू होतं, त्यामुळे त्या सुमारासच्या तारखा आणखी मागे पडतात.

खरेदीचा क्रम असा:

१. ओस्लो ते फ्लॉम
२. फ्लॉम-गुदवांगेन बोट आणि तिला जोडलेली बस
३. ओस्लो आणि बर्गेनची हॉटेलं
४. व्हॉस ते बर्गेन

व्हॉस-बर्गेन शेवटी ठेवलं आहे ते मुद्दाम. त्या पट्ट्यात लांब पल्ल्याच्या गाड्यांशिवाय स्थानिक गाड्याही धावतात, त्यांना आसनाचं आरक्षण नसतं. बसमधून उतरून, पुढची गाडी पाहून तिकीट काढलंत तरी चालतं.

स्वस्त दराचं तिकीट परत करता येत नाही. व्हिसा हातात नसताना ते घेऊ नका. विक्री उघडली आहे आणि व्हिसा अजून आलेला नाही, अशा वेळी थोडे जास्त पैसे देऊन परत करता येणारं तिकीट घ्या.

पॅकेज घ्यावं का, हा प्रश्न हटकून येतो. 'नॉर्वे इन अ नटशेल' नावाने जे विकलं जातं त्यात याच नेहमीच्या गाड्या, हीच बोट आणि हीच बस असते. बरोबर वाटाड्या नसतो, वेगळा डबाही नसतो. सगळी तिकिटं एका जागी मिळतात ही त्याची सोय. वर सांगितलेले टप्पे करायला वेळ नसेल तर जरूर घ्या. वेळ असेल तर स्वतः जुळवणं अवघड नाही.

युरोपभर फिरणार म्हणून युरेल पास काढला असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. मुख्य मार्गावर पासबरोबर आसनाचं वेगळं आरक्षण लागतं. आणि मिर्दाल-फ्लॉम गाडीवर पास पूर्ण चालत नाही, फक्त सवलत मिळते.

तपासा : सगळ्या तिकिटांवरची तारीख एकदा मोठ्याने वाचा. इथे आधी दिवस आणि मग महिना लिहितात, वेळ २४ तासांची असते.

## टप्पा ६ : कोणत्या बाजूला बसायचं

ओस्लोहून बर्गेनकडे जाताना डावी बाजू घ्या. फिन्सेला, म्हणजे १,२२२ मीटर उंचीवरच्या या मार्गावरच्या सर्वांत उंच स्टेशनला, हार्डांगरयोकुलेन ही हिमनदी दक्षिणेला दिसते, म्हणजेच डाव्या हाताला. व्हॉसच्या पुढे मात्र उजवीकडे सरका. डाले स्टेशननंतर फियॉर्डचं पाणी बराच वेळ रुळांच्या उजव्या अंगाला राहतं. उलट दिशेने येणाऱ्यांनी बाजू उलटी धरायची.

ॲपमध्ये डब्याचा नकाशा येतो, त्यातून आसन निवडता येतं. खिडकीचं आसन म्हणून घेतलेल्या जागेसमोर कधीकधी दोन काचांमधली भिंत येते. नकाशात खिडक्यांच्या खुणा असतील तर त्या पाहून घ्या.

मिर्दाल-फ्लॉम गाडीत बाजूवरून वाद घालू नका. २० किलोमीटरमध्ये २० बोगदे आहेत आणि गाडी डोंगराच्या पोटात वळसे घेत उतरते, त्यामुळे दरी कधी इकडे कधी तिकडे. जागा कुठेही मिळो, दोन्हीकडचं दिसतं. जुन्या धाटणीच्या डब्यांत काही खिडक्या खाली करता येतात. फोटो काढणाऱ्यांनी तशी खिडकी शोधावी, काचेतून प्रतिबिंब येतं.

उताराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. आपल्या कसारा घाटात चढ ३७ ला १ आहे आणि त्यासाठी मागून बँकर इंजिनं लावतात. फ्लॉमच्या मार्गावर सर्वांत तीव्र चढ १८ ला १ आहे, तोही साध्या रुळांवर, दातेरी पट्टीशिवाय. कान बंद होतात. लहान मुलांच्या हाती एखादी गोळी द्या.

## टप्पा ७ : सामान, कपडे, डबा

सामान कमी ठेवा. माणशी एक चाकांची बॅग आणि एक पाठपिशवी, एवढ्यावर भागवा. मोठ्या सूटकेसा घेऊन फ्लॉमच्या गाडीत चढणाऱ्यांना ठेवायला जागा मिळत नाही आणि दारापाशी गर्दी तुंबते. ओस्लो आणि बर्गेन स्टेशनांवर लॉकर आहेत. पुन्हा ओस्लोलाच येणार असाल तर मोठी बॅग तिथे ठेवा, दोन दिवसांपुरतं बरोबर घ्या. ओस्लोहून बर्गेनच्या हॉटेलात सामान परस्पर पोचवणारी सेवाही मिळते, ती आगाऊ ठरवावी लागते.

कपड्यांचं गणित गाडीवर नको, बोटीवर करा. गाडीत उबदार असतं. बोटीच्या डेकवर जूनमध्येही वारा झोंबतो. आतून थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि बाहेरून पाणी न शिरणारं जाकीट. छत्री वाऱ्याने उलटी होते, ती बर्गेनच्या रस्त्यांवरही फारशी टिकत नाही. कानटोपी न्या, मे असला तरी.

डब्याबद्दल नीट वाचा. नॉर्वेत युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, पनीर, तूप घरीच ठेवा. विमानतळावर काढून घेतले की आईचा जीव हळहळतो. चिवडा, भडंग, चकली, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, झटपट पोह्यांची पाकिटं यांना अडचण येत नाही. मुख्य गाडीत उपाहारगृहाचा डबा असतो, पण शाकाहारी माणसाला निवड थोडी आणि किमती चांगल्याच. ओस्लो स्टेशनाजवळच्या किराणा दुकानातून ब्रेड, फळं, दही घेऊन चढा. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या.

सावधान : रविवारी मोठी किराणा दुकानं बंद असतात. रविवारी निघणार असाल तर खरेदी शनिवारीच. स्टेशनातली छोटी दुकानं उघडी असतात, महाग असतात.

रोख रक्कम जवळजवळ लागत नाही. फॉरेक्स कार्ड आणि दुसरं एखादं कार्ड, दोन्ही वेगवेगळ्या खिशांत.

## टप्पा ८ : पहिला दिवस

विमानाने आलात त्याच दिवशी ही गाडी धरू नका. बर्गेनची गाडी गार्डेर्मोएन विमानतळावर येत नाही, ती ओस्लो मध्यवर्ती स्टेशनवरून सुटते. विमानतळावरून शहरात यायला व्यूची साधी गाडी घ्या. शेजारी विमानतळाची खास एक्स्प्रेस उभी असते; वेळेत काही मिनिटांचाच फरक, भाडं मात्र बरंच जास्त.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ॲप उघडा. काही बदल असेल तर तो तिथे दिसतो. नॉर्वेचे रूळ सांभाळणारी बाने नोर ही संस्था उन्हाळ्यात दुरुस्तीची कामं काढते, तेव्हा काही पट्ट्यांत गाडीऐवजी बस धावते. फलकावर तीन शब्द ओळखता आले पाहिजेत: "बुस फोर टोग" म्हणजे गाडीऐवजी बस, "इन्स्टिल्ट" म्हणजे रद्द आणि "फोर्सिंकेट" म्हणजे उशीर. "स्पोर" म्हणजे प्लॅटफॉर्म, त्यापुढचा आकडा तेवढा पाहायचा.

स्टेशनवर २० मिनिटं आधी पोचा. पहिले दोन-अडीच तास शेतं, जंगल, तळी असा सौम्य देखावा आहे. झोप काढायची असेल तर इथे काढा. यायलोचं नाव घोषणेत आलं की जागे व्हा. पुढे झाडं विरळ होत जातात, मग संपतात आणि उघडं पठार सुरू होतं. फिन्सेला गाडी जराशी थांबते, लोक फोटोसाठी खाली उतरतात. उतरा, पण दारापासून दूर जाऊ नका. गाडी शिट्टी झाल्यावर थांबत नाही. फिन्सेनंतर लगेच दहा किलोमीटरांचा बोगदा येतो. त्यातून बाहेर पडलात की सामान आवरायला घ्या, मिर्दाल फार लांब नाही.

मिर्दालला गडबड उडते. अर्धी गाडी रिकामी होते आणि सगळे एकाच दिशेने चालू लागतात. फ्लॉमची गाडी त्याच स्टेशनात, जवळच उभी असते. हिरवे डबे, चटकन ओळखू येतात. दोघांनी सामान सांभाळा, एकाने पुढे जाऊन जागा पकडा. डाव्या-उजव्याचा विचार करत दारात उभे राहिलात तर मागचे पुढे निघून जातात.

वाटेत शोसफॉसेन धबधब्याला गाडी पाचेक मिनिटं थांबते. लाकडी फलाटावर उतरता येतं. मे-जूनमध्ये तुषार थेट अंगावर येतात, म्हणून जाकिटाची टोपी चढवून आणि फोन पुसायला रुमाल हाताशी ठेवून उतरा. उन्हाळ्यात मध्येच संगीत सुरू होतं आणि कड्यावर तांबड्या पोशाखातली बाई नाचताना दिसते; इथल्या लोककथांतल्या हुल्द्राचा तो खेळ आहे. गाडीची शिट्टी झाली की लगेच वर चढा.

फ्लॉमला पोचल्यावर वेळ असेल तर स्टेगास्टाइनच्या बसची चौकशी करा. ऑरलँडफियॉर्डच्या ६५० मीटर वर, डोंगरातून ३० मीटर बाहेर काढलेला सज्जा आहे. त्या बसचंही आरक्षण लागतं, विशेषतः क्रूझ लागलेल्या दिवशी.

## टप्पा ९ : दुसरा दिवस

बोटीच्या धक्क्यावर अर्धा तास आधी रांगेत उभं राहा. धक्का रेल्वे स्टेशनापासून पाच मिनिटांच्या आत आहे. नव्या बोटी विजेवर चालतात, इंजिनाचा आवाज जवळपास नाही. त्यांच्या बाहेरच्या अंगाला जिन्यांऐवजी चढण-उताराची वाट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही वरपर्यंत जाता येतं.

पहिला तास ऑरलँडफियॉर्डमध्ये जातो. तो आत बसून, चहा घेत काढा. बोट डावीकडे वळून नॅरॉयफियॉर्डमध्ये शिरली की सगळ्यांनी बाहेर. सर्वांत अरुंद जागी दोन्ही काठांत जेमतेम २५० मीटर अंतर उरतं आणि कडे सरळ पाण्यात उतरलेले असतात. बहुतेक लोक उलटं करतात. पहिल्या तासात डेकवर गारठतात आणि ऐन वेळी आत पळतात.

गुदवांगेनला उतरल्यावर आधी बस शोधा. स्वच्छतागृह, आइस्क्रीम, फोटो सगळं बस दिसल्यानंतर. व्हॉसला बस रेल्वे स्टेशनाशेजारीच थांबते. तिथे पुढच्या गाडीला तासभर असेल आणि आभाळ मोकळं असेल तर स्टेशनातूनच डोंगरावर जाणारी गोंडोला (केबलकार) घ्या.

## टप्पा १० : जोड तुटला तर

मुख्य गाडीला उशीर होतोय असं दिसलं की उतरण्याची वाट पाहू नका, गाडीतच तिकीट तपासनिसाला गाठा. फ्लॉमचं पुढचं तिकीट दाखवा. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर पुढच्या गाडीने पाठवण्याची सोय केली जाते. इथले कर्मचारी शांतपणे, चांगल्या इंग्रजीत बोलतात. आवाज चढवून काही साधत नाही.

गाडीऐवजी बस लागली असेल तर आधी पाहा, कोणत्या पट्ट्यात. ओस्लोच्या जवळ असेल तर फारसं बिघडत नाही. डोंगरमाथ्यावर असेल तर तारीख पुढे ढकलता येते का ते विचारा, कारण पाहायला आलेला भागच हातचा जातो.

फ्लॉमची शेवटची गाडी चुकली तर मिर्दालला थांबू नका. बर्गेनकडच्या पुढच्या गाडीने व्हॉसला जा, तिथे हॉटेलं आहेत. मिर्दाल ते व्हॉस पाऊण तास लागतो. दुसऱ्या दिवशी बसने गुदवांगेन गाठून बोट उलट्या दिशेने करता येते. एवढा पर्याय कागदावर आधीच लिहून ठेवलात तर घरच्यांचे चेहरे पडत नाहीत.

## जास्त दिवस असतील तर, आणि रेल्वे कुठे जात नाही

बर्गेनमध्ये दोन दिवस ठेवा. वर्षातले दोनशेहून अधिक दिवस तिथे पाऊस पडतो, एक दिवस ओला गेला तर दुसरा हाताशी असावा. मे ते सप्टेंबरमध्ये फ्लॉम आणि बर्गेनच्या दरम्यान सोंगनेफियॉर्डमधून जलद बोट असते, साधारण साडेपाच तासांची. बस आणि व्हॉस टाळायचं असेल तर हा चांगला पर्याय.

दुसरा रेल्वेमार्ग जोडायचा असेल तर रौमाचा जोडा. ओस्लोहून ट्रॉन्डहाइमच्या गाडीने डोंबोस, तिथे गाडी बदलून ओन्दल्सनेस. हा पट्टा ११४ किलोमीटरांचा आहे. नदीवरचा क्युलिंग पूल आणि ट्रॉलवेगेनचा उभा कडा त्यातच येतो. मात्र ओन्दल्सनेसला रूळ संपतात. तिथून गायरांगरला किंवा बर्गेनला रेल्वेने जाता येत नाही, बस आणि बोटच लागते. नकाशात जवळ दिसतं म्हणून लोक इथे फसतात.

असेच आणखी तीन ठोकताळे चुकतात. बर्गेनहून स्टाव्हांगरला सरळ रेल्वे नाही. ट्रॉम्सोला रेल्वे मुळातच नाही. आणि नार्व्हिकला रूळ आहेत, पण ते स्वीडनमधून, किरुनाकडून येतात. नॉर्वेच्या बाकी जाळ्याशी जोडलेले नाहीत. बोडोपर्यंत ट्रॉन्डहाइमहून ७२९ किलोमीटरांचा मार्ग आहे, दहाएक तासांचा, पण बोडो ते नार्व्हिक पुन्हा बस. उत्तरेकडे जायचा बेत असेल तर त्याचा कागद वेगळा करा आणि टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात करा: आधी शेवटची बस, मग तिच्या आधीची गाडी.